यथावकाश पाणी ओसरले

संपादक म्हणाले, "जाधव, तुमच्या कामाबद्दल लिहा." मी विचारलं, "किती पानं?" ते म्हणाले, "मनमोकळं लिहा हो." याला उत्तर म्हणत नाहीत. सगळं आयुष्य लोकांचं मनमोकळं लिहिणं आवरण्यात गेलं, त्यामुळे मनमोकळं म्हणजे किती होतं ते मला चांगलं माहीत आहे. दीडशे पानं होतात आणि त्यातली साठ कामाची असतात.

मी मुद्रितशोधक होतो. पुस्तक छापून येण्याआधी कच्ची छापील पानं येतात, त्यांना प्रुफं म्हणतात. ती वाचायची, चुका शोधायच्या, समासात खुणा करायच्या. चूक राहिली तर सगळ्या जगाला दिसते आणि काढली तर कुणालाच दिसत नाही, असं हे काम. सासरच्यांना शेवटपर्यंत वाटत होतं की मी छापखान्यात यंत्रावर आहे. मीही त्यांना दुरुस्त केलं नाही, घरी फुकट कशाला काम करा.

नोकरी गिरगावातल्या एका छोट्या छापखान्यात. मालक अण्णा सामंत. खाली यंत्र, मागच्या बाजूला बाइंडर गावकर आणि पोटमाळ्यावर मी. पोटमाळ्यावर उभं राहता येत नसे, पण मुद्रितशोधकाला उभं राहायचं कारणही नसतं. पूर्वी आम्ही जोडीने वाचायचो. एकाने हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, स्वल्पविरामसुद्धा उच्चारायचे, आणि दुसऱ्याने प्रुफावर नजर ठेवायची. जोडीदार निवृत्त झाले, त्यांच्या जागी अण्णांनी कुणाला घेतलं नाही. मग मी एकटाच दोघांचं वाचू लागलो, मोठ्याने. ती सवय अजून आहे. समोरच्या मजकुरातली एखादी ओळ वाचायची राहिली तर मला घशात काही अडकल्यासारखं होतं. बायको म्हणते, लग्नाच्या पत्रिकासुद्धा हा माणूस निमंत्रकांच्या नावांसकट वाचतो.

माझी खरी ख्याती मात्र शुद्धलेखनाची नव्हती, पुनरुक्ती कापण्याची होती. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा दिसलं की माझी लाल शाई आपोआप चालायची. अण्णा गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगत, "आमचा जाधव म्हणजे कात्री आहे कात्री. तुमचा कागद वाचवेल." मला हे ऐकायला आवडायचं. कापलेलं चुकून कापलं असं वाटलं तर आमच्यात एक खूण आहे. कापलेल्या शब्दांखाली ठिपके द्यायचे आणि समासात लिहायचं, 'आहे तसं ठेवा'. ही खूण मी क्वचित वापरली. वर्षाकाठी दोन-चार ठिपके, तेही मनाविरुद्ध.

धोक्याची सूचना मला एकदा मिळाली होती. कस्टममधून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी आत्मचरित्र लिहिलं होतं. त्यात त्यांची रत्नागिरीला बदली तीनदा येत होती. मी त्यातल्या दोन काढल्या. पुस्तक हातात पडल्यावर ते जिना चढून वर आले, डोकं तुळईला आपटून घेतलं आणि म्हणाले, "अहो, माझी बदली तीनदाच झाली होती." मी म्हटलं, "मग तसं लिहायचं होतं." ते म्हणाले, "तसंच लिहिलं होतं." पण मी त्यातून काही शिकलो असंही नाही.

आता किहीमकर टीचरांबद्दल सांगतो. हा लेख त्यांच्यासाठीच लिहायला घेतला आहे.

फ्लोरा किहीमकर या परळच्या एका शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाई. राहायला सात रस्त्याजवळ. बेने इस्राएल समाजाच्या, म्हणजे आपले कोकणातले, मराठी बोलणारे यहुदी. त्यांचे बहुतेक नातेवाईक इस्राएलला निघून गेले, या राहिल्या. का राहिलात असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "दहावीचे पेपर तपासायचे होते." वय ऐंशीच्या घरात, बारीक अंगाच्या, गुडघ्यापर्यंत येणारी कापडी पिशवी. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला आणि दुसरा रांगेत.

पिशवीतून त्यांनी एक वहीवजा चोपडी काढली. चार मोठे कागद मधोमध दुमडून एकात एक घातलेले, घडीवर एक पिन. झाली सोळा पानं. प्रत्येक पानावर ठसठशीत अक्षरात चार-सहा ओळी.

"गोष्ट आहे," त्या म्हणाल्या. "आमच्या धर्मग्रंथातली, प्रलयाची. देवाच्या सांगण्यावरून एक म्हातारा तारू, म्हणजे मोठं जहाज, बांधतो आणि सगळ्या जिवांना वाचवतो ती. मूळ इब्रीतली, म्हणजे हिब्रू भाषेतली. आमचे पप्पा सांगायचे तशी मराठीत उतरवली आहे. पन्नास प्रती हव्यात. अक्षर मोठं ठेवा, माझ्या डोळ्यांना दिसेल असं. पानं सोळाच आणि पिन मधोमध."

"मजकूर बघू का?" मी विचारलं.

"शुद्धलेखन तेवढं बघा."

हे शेवटचं वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं नाही. लेखक मंडळी ते नेहमीच म्हणतात.

वर जाऊन मी नेहमीप्रमाणे पहिलं काम केलं, पिन काढली. सुटे कागद टेबलावर पसरून लाल शाई चालवणं सोपं जातं. पहिला कागद उलगडला. उजव्या अर्ध्यावर पान एक: जग बिघडलं, देव म्हणाला पुसून टाकतो. डाव्या अर्ध्यावर पान सोळा: जग नवं झालं, देव म्हणाला पुन्हा पुसणार नाही. दुसऱ्या कागदावर एका बाजूला 'आत जा', दुसऱ्या बाजूला 'बाहेर ये'. त्याच्या मागे 'सात दिवस वाट पाहिली' आणि शेजारी पुन्हा 'सात दिवस वाट पाहिली'. पुढे दार मिटलं आणि खिडकी उघडली. चाळीस दिवस आणि चाळीस दिवस. डोंगर बुडाले, डोंगर दिसले. दीडशे दिवस पाणी राहिलं, दीडशे दिवस पाणी हटलं.

मी मनात म्हटलं, बाईंची नजर गेली आहे. एकदा लिहिलेलं विसरून पुन्हा लिहिलं.

घरी आमच्या बुद्धवंदना होते. वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलो, आता त्याच जागी टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर राहतो, पण देव ना तिथे होता ना इथे आहे. त्यामुळे देवाधर्माच्या मजकुराचं मला दडपण येत नसे. कुणाचाही देव असो, वाक्य लांबलं की मी कापायचो. या चोपडीत आठव्या पानावर सुरू होऊन नवव्यावर संपणारं एक वाक्य होतं: 'तेव्हा देवाला तारवातल्या त्या म्हाताऱ्याची आठवण झाली.' त्यावर मी समासात लिहिलं, 'म्हणजे मधल्या काळात विसरला होता काय? देवाला शोभत नाही.' आणि कापलं. देवाच्या अब्रूची काळजी मी केली, हे आता आठवलं की हसू येतं.

पहिली आठ पानं चांगली होती, ती ठेवली. मागच्या आठ पानांत नवी माहिती म्हणाल तर एका कबुतराची. बाकी सगळा परतीचा प्रवास. ती आठही पानं मी आडव्या रेघेने मारली आणि खाली माझ्या अक्षरात लिहिलं: 'यथावकाश पाणी ओसरले. कबुतराने तशी खात्री करून दिली. सर्व जण सुखरूप बाहेर आले.' तीन वाक्यांत प्रलय आटोपला. मला समाधान वाटलं. मी अण्णांना दाखवलंसुद्धा. अण्णा म्हणाले, "क्या बात है! पण बाईंना सोळा पानं पाहिजेत ना रे?"

तेही मी सोडवलं. सोळा पॉइंटचा टाइप चोवीस केला. अर्धा मजकूर सोळा पानांवर आरामात पसरला. बाईंच्या डोळ्यांची सोय झाली, पानं सोळा झाली, पिन मधोमध बसली. प्रूफ दाखवायला फोन केला तर त्या म्हणाल्या, "दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे उद्या. सोळा पानं झाली ना?"

"सोळा."

"तुम्ही वाचलंत ना?"

"दोनदा."

"मग झालं. छापा."

पन्नास प्रती त्यांच्या घरी पोचल्या. दहा-बारा दिवसांनी त्यांचा फोन आला. "जाधव, शुक्रवारी चार वाजता घरी या. थोडा वेळ काढून या." मी इस्त्रीचा शर्ट घातला. आभार मानायला बोलावतात तेव्हा घालतो तो.

टीचरांचं घर म्हणजे दोन खोल्या, भिंतीवर जगाचा नकाशा, टेबलावर शुक्रवारच्या संध्याकाळसाठी काढून ठेवलेल्या दोन मेणबत्त्या. मोबाइल पुस्तकाला टेकवून उभा केला होता. चहा दिला. मग म्हणाल्या, "माझी धाकटी बहीण सोफी. लग्न होऊन इस्राएलला गेली, आता लोद गावात वृद्धांच्या घरात असते. गेली तीन वर्षं ती मला ओळखत नाही. तिच्या मुलीसुद्धा तिला परक्या. इब्री विसरली, मराठी तेवढं राहिलंय, तेही थोडंच. तुम्ही नुसतं ऐका."

तिकडे दुपारचा दीड वाजला होता. कुणीतरी सेविकेने फोन धरला असावा, कारण आधी परक्या भाषेत दोन शब्द आले आणि मग श्वासाचा आवाज.

टीचरांनी मी छापलेलं पुस्तक ऑपरेशननंतर पहिल्यांदाच उघडलं. "जग बिघडलं," त्या म्हणाल्या. "देव म्हणाला, पुसून टाकतो."

पलीकडून एक म्हातारा, पण शाळकरी चालीतला आवाज आला. "जग नवं झालं. देव म्हणाला, पुन्हा पुसणार नाही."

"एक तारू बांध," टीचर म्हणाल्या.

"एक वेदी बांधली," सोफीबाई म्हणाल्या.

"आत जा."

"बाहेर ये."

मी कप खाली ठेवला. मी मारलेली पानं त्या फोनमधून एकेक करून, सोळापासून उलटी, बाहेर येत होती.

"सात दिवस वाट पाहिली," टीचर म्हणाल्या, "आणि आभाळ भरून आलं."

पलीकडचा आवाज अडखळला. मग, "सात दिवस... सात दिवस वाट पाहिली आणि..."

टीचरांनी घाईने पानं उलटून तेरावं पान काढलं. डोळ्यांजवळ नेलं. मग पुस्तक माझ्या हातात दिलं. "वाचा. तेराव्या पानावर काय आहे?"

तेराव्या पानावर चोवीस पॉइंटमध्ये डोंगर होते. पाण्यात बुडत चाललेले.

"आणि काय गं?" फोनमधून आवाज आला. "पुढे काय होतं? माझं कुठे गेलं?"

टीचर काहीबाही बोलल्या, जेवलीस का, ऊन आहे का. पलीकडून दोनदा पुन्हा तेच आलं, "माझं कुठे गेलं?" मग सेविकेने फोन बंद केला.

टीचरांनी पुस्तक परत घेऊन शेवटपर्यंत चाळलं आणि मग मला जे सांगितलं ते शिकवण्याच्या सुरातच सांगितलं. त्या चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्यांचे वडील गिरणीत टाइमकीपर होते. शनिवारी संध्याकाळी, शब्बाथ म्हणजे त्यांचा विश्रांतीचा दिवस संपताना, दोन्ही मुलींना बाकाच्या दोन टोकांना बसवून ते ही गोष्ट म्हणायला लावत. फ्लोराने सुरुवातीपासून पुढे यायचं, सोफीने शेवटापासून मागे यायचं. एक ओळ हिची, तिची जोडीची ओळ तिची. "इब्रीतल्या जुन्या गोष्टी सांगणाऱ्यांची ही रीत होती," टीचर म्हणाल्या. "घाट चढताना जी वळणं लागतात तीच उतरताना उलट्या क्रमाने लागतात, तसं. सात, चाळीस, दीडशे. मग दीडशे, चाळीस, सात. ही एकच गोष्ट नाही, अशा पुष्कळ आहेत. आपण गोष्टीचं मर्म शेवटी शोधतो, तसं ते मधोमध ठेवत. घाटाच्या माथ्यावर. तिथून पुढे सगळं परत फिरतं."

"आणि मधोमध काय?"

"तुम्ही कापलंत ते. देवाला आठवण झाली."

मी पुस्तक मधोमध उघडून पाहिलं. ते वाक्य तिथे नव्हतं.

"मला माझा अर्धा पाठ आहे, जाधव. तिचा अर्धा तिचाच होता, तो मी कधी पाठ केला नाही. मूळ इब्री आहे माझ्याजवळ, पण तिचे शब्द त्यात नाहीत, पप्पांनी तिला दिलेले. ती बोलत होती तोवर फोनवर एकेक ओळ विचारून उतरवून घेतली. चार वर्षं लागली. आता ती अडते. अडली की तिच्या ओळीचा पुढचा शब्द द्यावा लागतो. म्हणून छापून घेत होते, मोठ्या अक्षरात." त्यांनी पुस्तक माझ्याकडून घेऊन मिटलं. "तुम्ही माझं एक अक्षर कापलं नाहीत. कापलंत ते सगळं सोफीचं."

मी म्हटलं, "हस्तलिखित आहे. त्याच्यावरून पुन्हा छापतो."

"आहे ना नक्की?"

"आहे," मी म्हणालो, आणि हे बोलताना ते आहे की नाही हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडे काम संपलं की हस्तलिखित जिन्याखालच्या पोत्यात जायचं. पोतं भरलं की रद्दीवाला न्यायचा. दुसरी प्रत ठेवायची पद्धत नाही, लेखकाकडे असते असं आम्ही धरून चालतो. बाईंकडे नव्हती.

सात रस्त्याहून गिरगावपर्यंत मी टॅक्सीने गेलो. छापखान्याच्या कामासाठी टॅक्सी केली ती आयुष्यात एकदाच. जिन्याखाली पोतं नव्हतं. म्हणजे नवं, रिकामं होतं. अण्णा म्हणाले, "काल सकाळीच गेलं ना रे. का? काय झालं? तोंड असं का?"

मी जिन्यावर बसलो. चार वर्षं, एकेक ओळ फोनवर, आणि मी त्याचं एका दुपारात 'यथावकाश' केलं होतं.

मागून गावकर आला. गावकर म्हणजे मालवणचा, तीस वर्षं आमच्याकडे बाइंडर. वाचायचा कमी, पण कागदाच्या घडीवरून माणसाची किंमत करायचा. त्याने अण्णांचं बोलणं ऐकलं होतं. आपला डिंकाने माखलेला खण ओढला आणि त्यातून बाईंचे चार कागद काढले.

"ह्यां शोधतास?"

मी ते हिसकावूनच घेतले. "तू कशाला ठेवलेस?"

"घडी बघून. इतकी चोख घडी बायलमाणसान घातलेली मी बघूक नाय. म्हटलां, पोत्यात कित्याक घालूचा." मग कागद माझ्या हातातून परत घेऊन त्याने ते एकात एक घातले आणि घडीवर अंगठा फिरवला. "जाधवानू, तुमी येवढे शिकलेले. तुमच्या ध्यानात कसां येवक नाय? एकाच्या बाजूक सोळा, दोनाच्या बाजूक पंधरा, तीनाच्या बाजूक चवदा. बेरीज सतराच. बायन गोष्ट नाय लिवली, फर्मो लिवलो."

फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर छापलेली सोळा पानं. कागद सपाट असतो तेव्हा पानांचा क्रम वेडावाकडा दिसतो, एकाशेजारी सोळा, आठाशेजारी नऊ. घडी घातली की क्रम लागतो. छापखान्यातली मांजरसुद्धा हे जाणते. मी तर चार दशकं त्या फर्म्यांवर जेवलो. टेबलावर तो कागद पसरला तेव्हा एकाशेजारी सोळा माझ्या डोळ्यांसमोर होतं, ओळीला ओळ लागलेली, आणि मी म्हणालो बाई विसरल्या.

त्या संध्याकाळी पोटमाळ्यावर बसून मी ठिपके दिले. लाल रेघेखालच्या प्रत्येक शब्दाखाली, आठ पानं. एका ओळीखाली एकदा दिले तरी चालतं, पण मी शब्दाशब्दाखाली दिले. समासात आठ वेळा लिहिलं, 'आहे तसं ठेवा'. आठव्या पानाजवळची माझी ती देवाला शोभत नाही अशी टीप खोडली, मग त्या खोडण्याचीही लाज वाटून कागदाचा तेवढा समासच कापून टाकला. मुद्रितशोधकाला माफी मागायची दुसरी रीत येत नाही.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. पुन्हा छापून दिलं. फक्त त्या दिवसापासून गिऱ्हाइकांना माझी ओळख कात्री म्हणून करून देणं त्यांनी बंद केलं. मला ते लागलं, पण योग्य होतं.

टाइप चोवीसच ठेवला, पानं सोळाच राहावीत म्हणून कागद मोठा घेतला. गावकरने एक प्रत न दुमडता, सपाट कागदांची बांधून दिली, म्हणजे टीचरांना एक आणि सोळा, दोन आणि पंधरा एकाच नजरेत दिसावेत. पानं मागेपुढे उलटायची गरजच नाही. ही युक्ती त्याची, माझी नव्हे. त्याने त्या प्रतीला कापडी पुठ्ठा लावला आणि टीचरांना निरोप दिला, "पिन नाय लावूक, सांगा. आत गंजता."

इब्री रचनेबद्दल मी नंतर थोडं वाचलं. काही विद्वानांना ही आरशासारखी रचना जिथे तिथे दिसते आणि काहींना वाटतं की पहिल्यांचे डोळे तपासून घ्यावेत. मला त्यांचा वाद पेलणारा नाही. प्रलयाच्या गोष्टीतले आकडे मात्र जुळतात, मी ताळा करून पाहिला आहे.

पुढच्या शुक्रवारी चार वाजता मी पुन्हा त्या दोन खोल्यांत होतो. या वेळी साधा शर्ट. टीचरांनी गावकरची प्रत मांडीवर पसरली. फोन लागला, परके दोन शब्द, श्वास.

"जग बिघडलं. देव म्हणाला, पुसून टाकतो."

"जग नवं झालं. देव म्हणाला, पुन्हा पुसणार नाही."

सात दिवसांपाशी सोफीबाई पुन्हा अडल्या. "सात दिवस वाट पाहिली आणि..."

"कबूतर," टीचर म्हणाल्या.

"कबूतर परत आलंच नाही!" पलीकडचा आवाज एकदम खुलला. "सात दिवस वाट पाहिली आणि कबूतर परत आलंच नाही."

तिथून त्या धावतच सुटल्या. दार मिटलं, खिडकी उघडली. चाळीस दिवस, चाळीस दिवस. डोंगर बुडाले, डोंगर दिसले. दोघी दोन टोकांनी आत येत होत्या आणि मी बोट ठेवून जुळवत होतो. एकही शब्द इकडेतिकडे झाला नाही.

"दीडशे दिवस पाणी राहिलं," टीचर म्हणाल्या.

"दीडशे दिवस पाणी हटलं," सोफीबाई म्हणाल्या.

आणि दोघी थांबल्या. मी टीचरांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली आणि फोन बंद करायला हात पुढे केला. मधलं वाक्य पप्पांचं होतं. ते त्या दोघींपैकी कुणीच कधी म्हटलं नव्हतं. वडील गेल्यापासून ती गोष्ट दर वेळी त्या जागेवर येऊन नुसती थांबत होती. हे मला टीचरांनी नंतर सांगितलं. त्या क्षणी मला एवढंच दिसत होतं की कागदाच्या मधोमध एक ओळ आहे, आणि ती वाचायची राहिली आहे.

सवय वाईट. मी वाचली. मोठ्याने, पोटमाळ्यावर वाचायचो तशी.

"तेव्हा देवाला तारवातल्या त्या म्हाताऱ्याची आठवण झाली."

टीचरांचा हात हवेतच राहिला. मला वाटलं, पुन्हा घोळ घातला.

मग सोफीबाई हळूच म्हणाल्या, "पप्पा?"

टीचरांनी हात मागे घेतला.

"पप्पा, आवाज बसलाय का तुमचा?"

टीचर माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या नव्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ऑपरेशननंतर ते चांगलं नसतं असं मी कुठेतरी वाचलं होतं. माझ्या समोर एक धडधडीत चूक होती. नाव चुकलेलं, माणूस चुकलेला, साल तर साठ-सत्तर वर्षांनी चुकलेलं. सबंध नोकरीत इतकी ढळढळीत चूक मी पाहिलेली नाही. मी तिच्याखाली ठिपके दिले.

"हो बाळा," मी म्हटलं. "थोडा बसलाय."

"मग मिठाच्या पाण्याने गुळण्या करा," सोफीबाई म्हणाल्या. "आणि पुढच्या शनिवारी नीट म्हणा."

शब्बाथला फोन लावत नाहीत, त्यामुळे सोफीबाईंचा शनिवार आमच्या शुक्रवारीच येतो. मी निवृत्त झालो, छापखाना बंद झाला, पण दर शुक्रवारी दुपारी तीन वाजता मी घरी मिठाच्या पाण्याने गुळण्या करतो आणि सात रस्त्याला जायला निघतो.